कट्ट्यावर आईची जागा

प्रिय अकल्ला,

पत्र लिहून देणारा नम्मह म्हणतो, सुरुवात 'अकल्लाला सांग, ऊर्झू असं म्हणतो' अशी करायची रीत आहे. मी म्हटलं, सख्ख्या धाकट्या भावाशी बोलायला मध्ये तिसरा कशाला हवा? 'प्रिय' घाल आणि पुढे चल. त्याने तोंड वाकडं केलं, पण घातलं. पत्र कोरायच्या पाटीची माती मात्र मी मळून आणली आहे. त्याच्या मातीत काड्या आणि शिंपल्यांचा चुरा होता. तसल्या पाटीला तुझ्या मारी गावाला पोचायच्या आत भेगा गेल्या असत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुला चार शब्द धाडतोय, ते कुंभाराच्या घरून फुटके निघाले तर तू हसशील.

आधी एवढं ऐक, म्हणजे जीव टांगणीला लागायचा नाही: आई आहे. जेवते, माझ्यावर ओरडते, सुनेच्या भाकरीला नावं ठेवते. तुझ्या वहिनीचे, गेमे-सूदचे, गुडघे दुखतात, पण जीभ शाबूत आहे, तेव्हा दोघींचं बरं चाललंय. थोरल्या मुलीचं लग्न झालं. कालव्यापलीकडच्या विणकराकडे दिली. जावई मऊ स्वभावाचा आहे आणि पोरगी आपल्या आईवर गेली आहे, त्यामुळे त्यांचा संसार नीट चालला आहे. माझं चाक तेच, बाबांचं. मी मडकी घडवतो, लोक फोडतात आणि पुन्हा माझ्याकडे येतात. तुझ्या मूर्ती लोक फोडत नाहीत, म्हणून तुला इतकं लांब जावं लागलं, असं मी इथे सांगतो आणि लोक हसतात.

आता मुद्द्याचं. आपल्या निप्पूरचं इनान्ना देवीचं देऊळ पाडलं. म्हणजे वाईट काही झालं नाही, जुन्या भिंती खालून खाऱ्या होऊन सुटत होत्या, म्हणून नवं बांधायला घेतलं. खजूर उतरवून झाले तेव्हा देवीपुढच्या कट्ट्यावर माणसांच्या वतीने बसवलेल्या त्यांच्या सगळ्या मूर्ती काढून अंगणात लव्हाळ्याच्या छपराखाली मांडल्या. बघायला सगळा गाव लोटला. इतकी वर्षं अंधारात हात जोडून बसलेले आपले आजे-पणजे उन्हात डोळे वटारून बसले होते. मग कारभाऱ्यांनी सांगितलं की ज्या मूर्तीचा धनी जिवंत आहे आणि जी धड आहे ती नव्या कट्ट्यावर परत बसेल. बाकीच्या नव्या जमिनीखाली चटईत गुंडाळून निजवायच्या. आणि जी जागा रिकामी राहील ती दुसऱ्याला. जागा मागणाऱ्यांची रांग पार वेशीपर्यंत होती, त्यात आपल्या गल्लीतला तो तेलीही होता. तो तर आईच्याच जागेकडे बोट दाखवून उभा होता.

ती जागा तुला आठवते ना? दारातून शिरल्यावर डावीकडची तिसरी, जिथून देवीचा दिवा थेट दिसतो. बाबांनी दोन वर्षं देवळाचे रांजण घडवले आणि बदल्यात ती वीतभर जागा मागून घेतली होती. लोक म्हणाले, कुंभारणीला एवढं पुढे? बाबा म्हणाले, "ती पुढे बसली काय आणि मागे बसली काय, देवीला तिचा आवाज ऐकू जाणारच, पण तिला दिसलं पाहिजे." आईने मूर्तीच्या खांद्यावर काय कोरायला लावलं तेही आठवत असेल. बाकी सगळे आपल्या आयुष्यासाठी मूर्ती बसवतात. तिने कोरून घेतलं, 'निनेझेनने, आपल्या दोन मुलांच्या आयुष्यासाठी.' त्यामुळे ती मूर्ती जमिनीखाली गेली असती तर देवीपुढे आपल्या दोघांचं नाव घेणारं कोणी उरलं नसतं. आईला दिवसरात्र तोच घोर लागला होता.

कारण मूर्ती धड नव्हती. छपराखाली नेताना ती माणसं कशी उचलतात ते तुला माहीत आहे, कलिंगडं उतरवावीत तशी. कुठे तरी धक्का बसला आणि उजवा डोळा निखळला. शिंपल्याचं पांढरं तिथेच सापडलं, मधला निळा खडा पेंढ्यात गेला तो गेलाच. मी आणि तुझी वहिनी दोन दिवस पेंढा चाळत होतो. आईने बातमी ऐकली आणि आपला उजवा डोळा झाकून म्हणाली, "तरीच म्हटलं, मला सकाळपासून धूसर का दिसतंय." अरे, तीन वर्षं तिच्या सुईत दोरा मी ओवून देतोय! पण तिच्यापुढे बोलायची सोय नाही.

कारभारी म्हणाले, डोळा बसवून आणा, मूर्ती जागी झाली की कट्ट्यावर बसवू. पण बसवणार कोण? इथे तुझ्यामागे दोन मूर्तिकार आहेत, दोघांनीही हात मागे घेतला. बरोबरच आहे त्यांचं. डोळा चिकटवण्याआधी मूर्तिकार खोबणीत जे नाव पुटपुटतो ते त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नसतं. दुसऱ्याने भलतं नाव घातलं तर देवीपुढे आईच्या रूपात भलतीच बाई बसायची. तेव्हा आई मला म्हणाली, "मारीला निरोप धाड. अकल्लाला म्हणावं, आईचा डोळा पडलाय." मी घाटावर गेलो. परत येऊन सांगितलं, होडीवाल्याकडे निरोप दिला.

तू ती मूर्ती घडवलीस ते दिवस मला रोज आठवतात. अंगणात मडकी भाजायच्या आव्याच्या शेजारी बसायचास आणि माझ्या ओल्या मडक्यांवर तुझ्या दगडाची पूड उडायची. बाबा तुला चिडवायचे, "आमच्याकडे थोडं थोडं लावत जातात, तू थोडं थोडं काढत जातोस. एक दिवस हातात काहीच राहणार नाही बघ." आई तुझ्यासमोर हात जोडून बसायची आणि जरा वेळात उठून डाळ ढवळायला जायची. तू ओरडायचास, "आई, नाक कुठे नेलंस?" ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "नाक डाळीत आहे, तू कान कर तोवर." खरंच तू आधी कान केलास. डोळा बसवताना तू आम्हाला सगळ्यांना घराबाहेर काढलंस. आई गल्लीत बसून शेजारणींना सांगत होती की माझा मुलगा मला आत डोळे लावतोय.

आणि मग बाबा गेले, आणि आपलं ते भांडण झालं. मला वाटतं तू ते विसरला नसशील, मीही नाही. तुला मारीहून बोलावणं आलं होतं आणि मी म्हणालो होतो, आव्याचं ओझं एकट्याच्या डोक्यावर टाकून चाललास. तू म्हणालास, "तुझी मडकी उकिरड्यावर जातात, दादा. माझं काम देवीसमोर बसतं." मी म्हणालो, "जा मग, तुझं तोंड पुन्हा दाखवू नकोस." तू खरंच दाखवलं नाहीस. लहानपणापासून माझं एवढं एकच ऐकलंस. त्यानंतर तीनदा होडीवाल्यांकडून तुझा निरोप आला, तिन्ही वेळा आईसाठी, आणि मी बाजूला उभा राहून ऐकला. मी बोललो ते रागाने बोललो. तू बोललास ते खरं होतं, म्हणून मला जास्त लागलं. देवळात जाऊन आईच्या मूर्तीसमोर उभा राहिलो की मला देवी दिसायची नाही, तुझं काम दिसायचं. ओठ बघायचो. डाळ उतू जाईल म्हणून मनात घाई आहे आणि तरी बसली आहे, असे तू ते ओठ केले आहेस. असलं मातीत होत नाही, माझ्याच्याने तरी होत नाही.

आता हे तुला जो कोणी वाचून दाखवत असेल त्याला माझा नमस्कार सांग, आणि म्हणावं पुढचं जरा हळू आवाजात वाच. हा नम्महसुद्धा बोरू खाली ठेवून माझ्याकडे बघतोय. मी त्याला म्हटलं, तू लिही, तुझं काम न्यायनिवाड्याचं नाही.

मूर्तीचा डोळा मी बसवायला गेलो. मला वाटलं, त्यात काय मोठं? डांबर मी रोज वापरतो, फुटके रांजण सांधतो. निळा खडा नाही तर डोळ्याची बाहुली काळ्या मातीची करून भाजली, घोटून घोटून चकचकीत केली. अगदी आरशासारखी. नावाचं म्हणशील तर ठरवलं होतं की नुसतं 'आई' म्हणायचं, तूही तेच म्हणाला असशील. कारभाऱ्यांकडून मूर्ती घरी आणली आणि आई शेजारी गेली असताना कामाला बसलो. एकदा तरी तिने म्हणावं की अकल्लाने केलं आणि ऊर्झूने राखलं, एवढी हाव होती. खोबणीत तुझं जुनं डांबर दगडासारखं घट्ट बसलं होतं. ते मऊ केल्याशिवाय नवा डोळा बसेना. तुम्ही लोक तापवलेली तांब्याची सळई लावता, हे मी तुझ्याकडे शंभरदा पाहिलेलं. पण हात कुंभाराचा! मूर्ती उचलली आणि आव्याच्या तोंडाशी तोंड करून ठेवली. भट्टी विझत आली होती, निखारे होते फक्त. वाटलं, शेकून निघेल.

मातीला आगीजवळ नेलं की ती दगड होते, हे मला बाबांनी शिकवलं. त्या पांढऱ्या मऊ दगडाला आगीजवळ नेलं की त्याची माती होते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आधी बारीक तडतड ऐकू आली. मला वाटलं, डांबर सुटतंय. उचलून बघतो तर चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता, आणि बोट लावलं तर गालाची पूड बोटाला आली. नाक गेलं, ओठ गेले. डावा डोळा धड होता, तो माझ्या मांडीवर पडला. खांद्यावरची अक्षरं तेवढी राहिली, कारण ती आगीच्या बाजूला नव्हती. मी तिथेच बसून राहिलो. तुझी वहिनी आली, तिने पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

आईपासून लपवता आलं नाही. तिला दिसत कमी, पण कळत सगळं. तिने मूर्ती मांडीवर घेतली आणि चेहऱ्यावर हात फिरवला. बोटांना पूड लागली ती तिने पदराला पुसली. मी रडायला लागलो, या वयात, तिच्यासमोर. ती म्हणाली, "अरे ऊर्झू, रडतोस काय? तू लहानपणी भाकरीसुद्धा करपवायचास." मग म्हणाली, "अकल्ला येईल ना आता? निरोप गेलाय ना? तो आला की नवी करेल. तोवर जागा राहिली पाहिजे." त्या दिवसापासून ती रोज घाटावर जायला लागली. वरून येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारायची, मारीहून कोण आलंय. गुरांचे व्यापारी आले, लाकूडवाले आले. महिना गेला. नवा कट्टा उभा राहिला, त्याला गिलावा झाला, जमीन झाली. आपली मूर्ती मी आणि जावयाने चटईत गुंडाळून नेली आणि बाकीच्यांच्या रांगेत जमिनीखाली निजवली. आई वाकून म्हणाली, "नीज बाई, खूप बसलीस."

तुझ्याबद्दल तिने लोकांचं काही ऐकून घेतलं नाही. तेलीण म्हणाली, मोठ्या गावाला गेलेली मुलं आई विसरतात. आई तिला म्हणाली, "तुझा मुलगा तुझ्यासमोर राहून तुला विसरलाय, तू त्याचं बघ." पण घरी आल्यावर तिने मला शांतपणे सांगितलं की निरोप मिळूनही अकल्ला आला नाही, म्हणजे त्याच्या जिवाचं काही बरं नाही. अंगात उभं राहायची ताकद असती तर पोर आलंच असतं. आणि नेमकं आत्ताच देवीपुढे त्याच्यासाठी मागणारं कोणी नाही. हे ती रडून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती चुलीपुढे कांदा चिरत बोलली.

अकल्ला, मी निरोप दिला नव्हता. घाटावर गेलो होतो, होडीवाला समोर उभा होता, 'मारीला काही सांगायचंय का' म्हणून त्याने विचारलंही, आणि मी 'नाही' म्हणालो. मला तो डोळा स्वतः बसवायचा होता. मूर्ती बसवायच्या दिवशी आई पहाटे न्हाली, तिचं ते लोकरीचं झालरीचं वस्त्र नेसली आणि माझ्याआधी देवळात गेली. मी पोचलो तर ती कट्ट्यावर बसलेली. डावीकडच्या तिसऱ्या जागी, दोन दगडी मूर्तींच्या मधे, हात छातीशी जोडून, डोळे जेवढे उघडता येतील तेवढे उघडून. तेली कारभाऱ्यांना म्हणत होता, "हिला उठवा, ही कुठली रीत?" कारभारी म्हणाले, माणसाला रोज येऊन बसायला जमत नाही म्हणून मूर्ती बसवतात, आता माणूसच येऊन बसलं तर त्याला कोणत्या तोंडाने उठवू? त्याला आज सतरा दिवस झाले. ती उजाडता जाते आणि दिवा लावून झाला की परत येते. दुपारी मी भाकरी आणि सुकी मासळी नेतो, ती बसल्या जागी खाते आणि पुन्हा हात जोडते. नवा गिलावा अजून ओला आहे आणि ही थंडी. संध्याकाळी मी तिला पाठीवर घेऊन घरी आणतो, कारण तिचे पाय सरळ होत नाहीत. परवा मी तिचे पाय धरले आणि सगळं सांगितलं, की निरोप गेलाच नाही, अकल्लाला काही माहीत नाही, तो धडधाकट असेल, तू खाली उतर. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलशील रे?" म्हणून हे पत्र. मारीहून येताना होडी प्रवाहाबरोबर येते, वेळ लागत नाही. दगड तुझ्या पसंतीचा आण, सळई आण, खोबणीत काय म्हणायचं ते तुलाच माहीत आहे. मला काय ऐकवायचं ते घरी ये आणि ऐकव, मी ऐकून घेईन. पण आधी घाटावरून सरळ देवळात जा, तिच्यासमोर उभा राहा आणि तिला घरी आण. माझं ती ऐकत नाही.

तुझी वाट बघणारा, तुझाच दादा,
ऊर्झू